कावीळ उतरवायची माळ: गुण येतो तो नेमका कशाने?

लॅबवाला_भुसावळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज ड्युटी संपवून बसलोय तर लिहूनच टाकतो, लांब होईल, सांभाळून घ्या.

मी भुसावळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. पावसाळा लागला, तापीला गढूळ पाणी आलं की काही आठवड्यांनी आमच्याकडे पिवळं सिरम यायला लागतं. ट्यूब फिरवून बाहेर काढली की वरचं पाणी एरवी फिक्कट गवताच्या रंगाचं असतं, ते या दिवसांत हळद कालवल्यासारखं दिसतं, मशीनला लावायच्या आधीच कळतं की बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, आठ-दहाच्या पुढे आहे. आणि सॅम्पल द्यायला पेशंट खुर्चीत बसतो, शर्टाची बाही वर करतो, तेव्हा बऱ्याच जणांच्या गळ्यात ती माळ असते.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारीक ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात एकेक गाठ मारून बांधलेले असतात. पहिल्या दिवशी ती डोक्यावर जेमतेम बसते, मग हळूहळू लांबत गळ्यात उतरते, मग छातीवर, मग पोटापर्यंत. माळ जेवढी लांबली तेवढी कावीळ उतरली असं सांगतात, आणि माळ खरंच लांबते, त्यात खोटं काही नाही. म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो, कारण डोळ्याला दिसतं ना.

तर मी काय केलं, तीन वर्षांपूर्वी एका पेशंटच्या मुलाला विनंती करून तशीच एक माळ मागवून घेतली, त्याच दिवशी त्याच हाताने बांधलेली, आणि आमच्या लॅबमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवली. खिळ्याला कावीळ नव्हती. माळ रोज लांबत गेली. काड्या ओल्या असताना गाठ घट्ट बसलेली असते, काडी वाळली की बारीक होते, गाठ सैल पडते, दोरा मोकळा होतो, पन्नास-साठ गाठींतून जरा जरा दोरा सुटला की माळ वीतभर वाढायला काय लागतं. आमच्याकडच्या मे महिन्यात लावली असती तर दोन दिवसांतच पोटापर्यंत आली असती.

हात धुण्याचा प्रकार पण तसाच. हाताला आधी कसला तरी रस चोळतात, मग चुन्याच्या निवळीत हात बुडवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं, कावीळ उतरली म्हणतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून वाळू द्या आणि चुन्याच्या पाण्यात धुवा, कोणाचेही हात असू द्या, पाणी पिवळंच होणार. हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते शाळाशाळांतून करून दाखवतात, मी पण माझ्या पुतण्याच्या वर्गात केलं, सगळ्या धडधाकट पोरांचे हात पिवळे. आपल्या आज्या हळदीत चुना घालून कुंकू करायच्या, पिवळ्याचं लाल व्हायचं, त्याला कोणी चमत्कार म्हणत नव्हतं. हे पण तसंच, रंग बदलणं आहे. रक्तातलं बिलिरुबिन तळहाताच्या कातडीतून बाहेर येत नाही, ते लिव्हरमधून पित्तात आणि पित्तातून आतड्यात जातं, शौचाला जो रंग असतो तो त्याच्यामुळेच असतो.

नाकात देवडांगरी नावाच्या वेलीच्या फळाचा रस टाकतात तो तर मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. तो रस इतका जहाल असतो की नाकातली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते आणि दिवसभर पिवळं पाणी गळतं. लोक म्हणतात कावीळ गळते आहे. ते नाकाला झालेल्या जखमेचं पाणी असतं हो.

आता का लिहितोय ते सांगतो. माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सात महिने भरलेले होते, श्रावणात तिला कावीळ झाली. मी तेव्हा नुकता शिकत होतो, घरात माझं कोण ऐकणार. तिला माळ घातली, नऊ दिवस. माळ लांबत होती म्हणून घरचे समाधानात होते. दहाव्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, काकूला ओळखेना, मग गाडी केली. दुसऱ्या दिवशी गेली, बाळ पण गेलं. हिपॅटायटिस ई नावाचा व्हायरस घाण पाण्यातून येतो, बाकीच्यांना महिनाभर त्रास देऊन सोडून देतो, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाला तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. लवकर नेलं असतं तर वाचली असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही, हा आजार दवाखान्यात पण जीव घेतो. पण ते नऊ दिवस आम्ही तिला दिलेच नाहीत, आम्ही माळ मोजत बसलो होतो.

मला विचारायचंय की तुमच्याकडे काय काय चालतं, आणि घरच्यांशी कसं बोलता.

जळगावकरीण

दादा, बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. पण एक मनापासून विचारते, राग मानू नका. माझ्या सासूबाईंना चार वर्षांपूर्वी कावीळ झाली होती, आम्ही आधी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की याला औषध नाही, आराम करा, आपोआप जाईल. मग आम्ही माळ घातली आणि त्या तीन आठवड्यांत ठणठणीत झाल्या. मग डॉक्टरांकडे औषध नसेल आणि माळेने मनाला आधार मिळत असेल तर बिघडलं काय? आत्ता पण चोपड्याला माझ्या मामांना माळ घातली आहे, पाचवा आठवडा चालू आहे, सगळं घर त्याच आशेवर आहे. तुम्ही लिहिलंत ते वाचून मामीला फोन करावासा वाटला आणि करू नयेसा पण वाटला.

केळीबाग_रावेर

लॅबवाले भाऊ, खिळ्याला माळ लावायची आयडिया एक नंबर. मी याच धर्तीवरची आमची बोअरची गोष्ट सांगतो, विषय आरोग्याचा नाही पण मूळ तेच आहे.

आमच्या पट्ट्यात पाणी दरसाल खाली जाऊन राहिलं, सगळ्यांना माहीत आहे, केळीला पाणी लागतं आणि बोअर आटला की माणूस वेडापिसा होतो भो, पुढचा कसा घ्यायचा, कुठे घ्यायचा. मग पाणाड्याला बोलावतात. तळहातावर आडवं नारळ ठेवून शेतात चालतो, जिथे नारळ उभं राहिलं तिथे चुना टाकायचा. आमच्या आप्पांचा फार विश्वास. कोणी पायाळू असला तर अजून जास्त मान, उलटा जन्मलेल्याला पाण्याची नस कळते म्हणतात.

दोन वर्षांमागे आमच्याकडे आले होते एक वयस्कर बाबा, माणूस अगदी साधा, पैशाला हपापलेला नाही, चहा आणि गाडीभाडं एवढंच घ्यायचे. त्यांनी बांधाजवळ एक जागा काढली, नारळ टचकन उभं राहिलं, मी स्वतः बघितलं. माझा भाचा शहाद्याला इंजिनिअरिंग शिकतो, तो म्हणे बाबा, एवढं ताकदीचं पाणी आहे तर डोळ्याला उपरणं बांधून पण नारळ इथेच उभं राहील ना? बाबा लगेच तयार झाले, त्यांचा स्वतःवर पूर्ण भरवसा होता. डोळे बांधले, गोल फिरवलं, हात धरून शेतात नेलं. नारळ उभं राहिलं चार वेळा, चारही वेळा वेगळ्या जागी, चुन्याच्या खुणेपासून एक तर चांगला दोन-अडीचशे पावलं लांब. बाबांनी उपरणं सोडलं आणि खुणा बघत राहिले. काही बोलले नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं, त्या माणसाने आयुष्यात कोणाला फसवलेलं नव्हतं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की नारळ त्याचाच हात उभं करतो.

आप्पा मात्र म्हणाले डोळे बांधल्यावर देव कसा दाखवेल. आणि आम्ही बोअर पहिल्याच जागी घेतला. पाणी लागलं, पण शेजाऱ्याला पण लागलं, त्याने तर लाइटच्या डीपीजवळ घेतला होता, वायर कमी लागावी म्हणून.

भूजल_मास्तर

रावेरकर, शेजाऱ्याला पाणी लागलं त्याचं कारण सांगतो, मी धुळ्याला भूगोल-भूशास्त्र शिकवतो. यावल, रावेर, चोपडा हा तापीचा गाळाचा पट्टा आहे, सातपुड्यातून आलेली वाळू, गोटे, माती यांचा जाडच्या जाड थर. त्यात पाणी नसांतून वाहत नाही, सगळा थरच भिजलेल्या स्पंजसारखा असतो, पुरेसं खोल गेलात तर बहुतेक कुठेही लागतं. म्हणून तुमच्या पट्ट्यातला पाणाड्या नेहमी पास होतो. तोच माणूस खाली चाळीसगाव-पारोळ्याकडे आणा, तिथे काळा बेसॉल्ट आहे, पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमात, एक बोअर भरभरून आणि त्याच्यापासून पन्नास फुटांवरचा कोरडा धूळ. तिथे त्याचे फेल किती ते कोणी लिहून ठेवत नाही.

हात नकळत हलतो याला १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने नाव दिलं होतं, म्हणजे हे कोडं फार जुनं आहे आणि सुटलेलं आहे. १९९० मध्ये जर्मनीत कासेलला तीसेक पाणाड्यांची रीतसर परीक्षा घेतली, जमिनीत पुरलेल्या पाइपातून आत्ता पाणी वाहतंय की नाही एवढंच ओळखायचं होतं, अटी सगळ्यांना आधी मान्य होत्या. नाणं उडवून जेवढं बरोबर येईल तेवढंच त्यांचं बरोबर आलं. तुमच्या बाबांसारखेच ते पण प्रामाणिक होते आणि निकाल ऐकून चकित झाले होते.

बोअर घ्यायच्या आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे चौकशी करा, जमिनीत करंट सोडून रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, बघतात. ती पण शंभर टक्के सांगत नाही, पण कुठे चुकली ते तरी मान्य करतात आणि पुढच्या वेळी सुधारतात.

लॅबवाला_भुसावळ

जळगावकरीण ताई, राग कसला, तुम्ही जो प्रश्न विचारलात तोच खरा प्रश्न आहे. उत्तर जरा सविस्तर देतो.

सासूबाईंना गुण आला हे शंभर टक्के खरं आहे. डॉक्टर म्हणाले आपोआप जाईल आणि तसंच झालं. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत स्वतःहून बरे होतात, लिव्हर हा अवयवच असा आहे की स्वतःला दुरुस्त करून घेतो. आणि माणूस माळ कधी घालतो? सगळ्यात पिवळा झालेला असतो तेव्हा. तिथून पुढे उताराच असतो. त्या वेळी तुम्ही गळ्यात माळ घाला, हाताला दोरा बांधा, नाहीतर रोज गच्चीवर जाऊन पतंग उडवा, तीन आठवड्यांनी डोळे पांढरे होणार.

आणि हे मी फक्त माळवाल्यांबद्दल म्हणत नाही. तीन हजाराची लिव्हर टॉनिकची पिशवी घेऊन आलेले पेशंट पण माझ्याकडे येतात, साध्या काविळीत रोज सलाईन लावून घेणारे येतात, ते पण म्हणतात सलाईनने उतरली. तिथे पण तीच चूक आहे. पांढरा कोट घातला म्हणून चूक बरोबर होत नाही.

आमच्या लॅबच्या रजिस्टरवर नजर टाकली की मला एक गोष्ट दिसते. पहिला रिपोर्ट नऊ, दुसरा पाच, तिसरा दीड, असे लोक आम्हाला पुन्हा पुन्हा दिसतात. आणि काही नावं अशी असतात की पहिला रिपोर्ट आहे आणि पुढे काहीच नाही. बरा झाला म्हणून आला नाही, का दुसरीकडे गेला, का माणूसच राहिला नाही, रजिस्टर सांगत नाही. माळ देणाऱ्याचं तर रजिस्टरच नसतं. त्याच्याकडे नारळ-पेढे घेऊन परत जातो तो बरा झालेला. माझे काका त्या माणसाकडे सांगायला गेले नाहीत की पोरगी गेली. कोण जातं? त्यामुळे त्याला आजही मनापासून वाटत असेल की आपल्या हाताला यश आहे. तो खोटारडा आहे असं मी म्हणतच नाही, त्याला फक्त अर्धीच वही वाचायला मिळाली आहे.

आता बिघडतं काय ते. कावीळ हा रोग नाही, खूण आहे. घरात धूर दिसला तर चुलीचा असेल, नाहीतर गंजी पेटली असेल. पाण्यातून आलेली ए-ई असते ती बहुतेक वेळा चुलीचा धूर. पण बी आणि सी रक्तातून येतात, मुक्काम ठोकतात, वर्षानुवर्षं लिव्हर खातात. सी ची तर आता साधारण बारा आठवडे गोळ्या घेऊन बरी होते, २०१८ पासून सरकारी योजनेत फुकट आहे, पण टेस्ट केली तरच कळणार ना. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी कावीळ, स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आली तरी कावीळ, उंदरांच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची कावीळ वेगळी. माळ सगळ्यांना एकच.

दुसरं, एका आळीत एकाच पंधरवड्यात पाच जणांच्या गळ्यात माळा दिसल्या तर त्याचा अर्थ नळाच्या पाइपला कुठेतरी गटाराचं पाणी लागलंय. १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीत हेच झालं, यमुनेला पूर आला, नाल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात घुसलं आणि एकोणतीस हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. आपल्याकडे माळ घातली की प्रत्येक जण आपापल्या घरात माळ मोजत बसतो, ग्रामपंचायतीत जाऊन पाइप उकरा म्हणून कोणी सांगत नाही. आणि पथ्य म्हणून रोज उसाचा रस पाजतात, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते देवाला माहीत. हळद-तेल बंद करून पेशंटला नुसतं उपाशी मारू नका, झेपेल तसं घरचं साधं जेवण द्या, पाणी उकळून द्या, दारू बंद, मनाने औषधं बंद.

आणि ताई, मामांचं मला विचारायचंय. पाचवा आठवडा म्हणालात. पिवळेपणा कमी होतोय का वाढतोय? अंगाला खाज आहे का? शौचाचा रंग कसा आहे? मामीला लाजू नका म्हणावं, सरळ विचारा.

खान्देशी_माणूस

भाऊ, तुम्हीन लिखेल पटस, पन मन्हा आजला झाडपाला दे, गावोगावना लोके येत, एक रुपया ली नही कधी. मराठीतच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल: तुमचं लिहिलेलं पटतं, पण माझे आजोबा झाडपाला द्यायचे, गावोगावचे लोक यायचे, एक रुपया कधी घेतला नाही. त्या सगळ्याला एका फटक्यात खोटं म्हणणं मला पटत नाही. आपल्या जुन्या लोकांना काहीच कळत नव्हतं का? आज अर्धी औषधं झाडांतूनच आलेली आहेत. शहरातले लोक आमच्या बोलीला हसतात तसेच आमच्या ज्ञानाला पण हसतात, तो भाग टोचतो.

पारोळा_डॉक्टर

खान्देशी माणूस, तुमचं टोचणं मला समजतं, माझी आजी पण घसादुखीला अडुळसा द्यायची. झाडात औषध नसतं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. सर्पगंधा घ्या. आपल्याकडे ती डोकं फिरलं तर देत, साप चावला तर देत, झोप येत नसेल तर देत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ब्लडप्रेशरच्या पेशंटना देऊन, मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये शोधनिबंध छापला आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती वापरायला सुरुवात केली. तिने प्रेशर उतरतं हे खरं निघालं, सापाचं विष उतरतं हे खोटं निघालं, आणि काही जणांना तिने फार उदासी येते हे पण नंतर कळलं. एकाच मुळीबद्दल तीन गोष्टी, मोजल्याशिवाय कुठली खरी ते कळलं असतं का? चीनच्या तू योयो यांनी जुन्या पोथीतून मलेरियाचं झाड शोधलं, त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, पण त्याआधी त्यांनी कितीतरी झाडं तपासून टाकून दिली. आजोबांनी दिलेल्या पाल्यात काय खरं होतं ते शोधायचं असेल तर तपासलंच पाहिजे, तोच त्यांचा मान आहे असं मला वाटतं.

साप निघालाच आहे तर लिहितो, कारण माळेने नऊ दिवस जातात, सापात नऊ तास पण मिळत नाहीत. आपल्याकडे माणसाला मारणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकी धामण, दिवड वगैरे बिनविषारी, आणि विषारी साप पण प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यातले बरेच जण मुळात मरणारच नव्हते. ते उठून घरी चालत जातात आणि मांत्रिकाचं नाव होतं. लॅबवाल्यांची अर्धी वही म्हणतात ती हीच.

मण्यार सगळ्यात वाईट. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण पण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, माणसाला वाटतं झोप येतेय. मी रात्रपाळीला असताना एक सालदार आणला होता, वय असेल तिशीच्या आतबाहेर, पहाटे चावलं होतं, विष चढलंय का ते कळावं म्हणून कडुलिंबाचा पाला कडू लागतो का गोड ते बघत दुपार केली होती. श्वास बंद पडत आलेला होता. नळी घालून धुळ्याला पाठवला, तो वाचला, पण थोडक्यात.

चारही सापांवर एकच लस आहे, घोड्याच्या रक्तातून बनवतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात अंदाजे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यातली. आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-तंत्र करणं गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांनी या कायद्यासाठी किती वर्षं घालवली आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला, हे मी विसरू शकत नाही.

सातपुडा_सिस्टर

मी धडगावकडे काम करते, नोकरीमुळे जास्त ओळख देत नाही. तुमच्या सगळ्यांचं वाचलं, कावीळ शब्द आला म्हणून लिहिते.

आमच्याकडे पाड्यांवर अशी लेकरं आहेत की ज्यांचे डोळे वर्षातून चार वेळा पिवळे होतात. दर वेळी घरचे म्हणतात कावीळ, दर वेळी भगताकडे नेतात, दोरा, कोंबडा, पोटावर चटके सुद्धा. थोड्या दिवसांनी पिवळेपणा उतरतो, भगताला यश मिळतं, पुन्हा थंडी पडली की हातपाय धरून लेकरू रडतं. ती लिव्हरची कावीळ नसतेच, सिकलसेल असतं. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे, आणि वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून हाडं दुखतात. भिल्ल, पावरा समाजात याचं प्रमाण बरंच आहे. आई-बाप दोघं नुसते वाहक असतील, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, तरी प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते.

लॅबवाले दादा, तुम्ही म्हणालात माळ लांबली म्हणून घरचे समाधानी होते. आमच्याकडे उलटं पण होतं. एकाच घरात दोन लेकरं आजारी पडली की गाव विचारतं कोणाची नजर आहे, आणि बोट जातं एखाद्या एकट्या म्हातारीकडे, डाकीण म्हणून. मी अशा एका आजीला ओळखते, तिला घर सोडावं लागलं, ती आता लेकीकडे गुजरातेत असते. त्या घरातल्या पोरांची रक्ततपासणी आम्ही नंतर केली, दोघांना सिकलसेल निघालं. त्या बाईचा काय संबंध होता?

मी भगताशी भांडत नाही. भांडून एकदा पाहिलं, पाड्यावर पुढचे तीन महिने कोणी मला पाणी पण विचारलं नाही. आता मी भगतबाबांच्या ओट्यावर बसते, त्यांना सांगते बाबा, तुम्ही तुमचं करा, पण डोळे पिवळे आणि हाडं दुखतात असं लेकरू आलं की माझ्याकडे पण पाठवा, बोटाला टोचून एक थेंब रक्त घ्यायचंय. दोन वर्षांत एक बाबा पाठवायला लागले. त्यांच्या स्वतःच्या नातवाला निघालं म्हणून. आता तो फोलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेतो, शाळेत जातो. २०२३ च्या जुलैपासून सरकारचं सिकलसेल मिशन चालू आहे, त्यात तपासण्या वाढल्या, पण पावसात रस्ता बंद झाला की गोळ्या पोहोचवायच्या कशा हा आमचा प्रश्न तसाच आहे. नुसती अंधश्रद्धा अंधश्रद्धा म्हणून चालत नाही हो, भगत पाड्यावर राहतो, दवाखाना वीस किलोमीटरवर आहे.

केळीबाग_रावेर

सिस्टर, तुमच्या कामाला हात जोडतो. हे वाचून मला त्या पाणाड्या बाबांशी कसं बोलायला पाहिजे होतं ते कळलं.

खान्देशी_माणूस

डॉक्टर साहेब, सर्पगंधाचं पटलं. आजल्याची एक वही आहे आमच्याकडे, कुठला पाला कशाला ते लिहिलेलं आहे. कोणाला गुण आला ते आहे त्यात. कोणाला नाही आला ते नाहीये, आज पहिल्यांदा लक्षात आलं.

जळगावकरीण

लॅबवाले दादा, मामीला फोन केला. आधी सांगायलाच तयार नव्हत्या. पिवळेपणा वाढतोय, कमी नाही. रात्रभर अंग खाजवतात, पाठीवर ओरखडे पडलेत. शौच पांढरट, भिजवलेल्या मातीसारखी होते आहे दोन आठवड्यांपासून, आणि लघवी एकदम काळपट. मध्ये दोनदा थंडी वाजून ताप आला. माळ देणारा म्हणाला कावीळ जुनी आहे, दुसरी माळ घालावी लागेल.

लॅबवाला_भुसावळ

ताई, थांबू नका. उद्या सकाळीच घेऊन निघा. शौचाचा रंग गेला म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाहीये, नळी कुठेतरी अडली आहे, खडा असेल नाहीतर दुसरं काही. त्यात थंडी-ताप म्हणजे अडलेल्या पित्तात जंतू झाले असतील, ते फार वाईट असतं. रात्रीतून ताप भरला किंवा बडबडायला लागले तर सकाळची पण वाट बघू नका. चोपड्यात जिथे सोनोग्राफी होते तिथे आधी जा, एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, सोबत करायला सांगा. आणि मामीला माळ काढायला लावू नका, त्यात एक तास भांडण्यात जाईल, माळेसकट गाडीत बसवा.

पारोळा_डॉक्टर

लॅबवाल्यांशी सहमत. उशीर नको. जाताना आधी घेतलेली सगळी औषधं, पाला, पुड्या पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना दाखवा.

जळगावकरीण

सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा, धावपळीत होते. सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा निघाला, पित्ताशयात पण दोन आहेत. बिलिरुबिन चौदा होतं. लगेच जळगावला हलवलं, दोन दिवस इंजेक्शनं देऊन ताप आटोक्यात आणला, मग तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. डॉक्टर म्हणाले अजून दोन-चार दिवस गेले असते तर अवघड होतं. काल रिपोर्ट सहावर आला, खाज जवळजवळ थांबली आहे, शांत झोपले होते. पित्ताशयाचं ऑपरेशन नंतर करायचंय.

माळ दवाखान्यात सिस्टरने कापून मामीच्या हातात दिली. मामीने ती रुमालात बांधून ठेवली आहे. आज मला विचारत होत्या की माळ देणाऱ्याकडे जाऊन सांगायचं का, खडा होता म्हणून. मी म्हटलं आपण दोघी मिळून जाऊ, भांडायला नाही, फक्त सांगायला, म्हणजे पुढच्या वेळी पांढऱ्या शौचाचा पेशंट आला तर तो दुसरी माळ देणार नाही. रविवारी जाणार आहोत.